महिन्याची यादी: काय पेठेतून आणायचं, काय फोनवरून मागवायचं

मी सांगलीच्या गावभागात राहते. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं रोखपाल म्हणून काम केलं आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्याला असतात. रात्री अकराला कामं आटोपली की दोघं फोनवरून किराणा मागवतात आणि सकाळी पिशव्या दारात. गेल्या दिवाळीत सून म्हणाली, "आई, तुम्ही काही वस्तू गणपती पेठेतूनच आणता, काही मात्र ऑनलाइन मागवता. हे ठरवता कसं? मला एकदा लिहून द्या ना." तिच्यासाठी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता वाटलं की तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणींना याचा उपयोग होईल.

सुरुवात यादीपासून करा, आणि यादी कागदावर करा. फोन हातात घेऊन यादी केली की समोर जे दिसतं ते घ्यावंसं वाटतं. कागदावर करायची म्हटलं की उठून डबे उघडावे लागतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी एका दुपारी सगळे डबे खाली काढते. कशात किती उरलंय ते बघते, हलवून वास घेते आणि मगच लिहिते. अर्धा डबा डाळ शिल्लक असताना आणखी दोन किलो येऊन पडते ती डबे न उघडल्यामुळे.

यादी झाली की प्रत्येक वस्तूपाशी थांबून स्वतःला विचारायचं: ही वस्तू खराब निघाली तर मी ती कुणासमोर नेऊन ठेवणार? उत्तरात एखादा माणूस डोळ्यासमोर आला आणि ती वस्तू हात लावून, वास घेऊन, दाताखाली धरून बघावी लागत असेल, तर ती पेठेतूनच आणायची. ती कुठूनही घेतली तरी सारखीच निघणार असेल, किंवा गावात मिळतच नसेल, तर फोनवरून मागवायला काहीच हरकत नाही. माझ्या यादीत पहिल्या प्रकारच्या वस्तू वीस-बावीस आणि दुसऱ्या प्रकारच्या चार-पाच असतात. पुण्यात हे प्रमाण वेगळं असेल, पण प्रश्न हाच विचारा.

हात लावून घ्यायच्या वस्तू

हळदीपासून सांगते, कारण हळदीच्या गावात राहून तयार पूड विकत घेणं मला आजही पटत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या हरिपुरात पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. त्यातली कितीतरी पेवं २००५ च्या पुरात गेली. उन्हाळ्यात पेठेत नवा माल आला की मी वर्षाची दोन किलो राजापुरी हळकुंडं घेते. दुकानात पोत्यापाशी उभं राहायचं, आणि वरचं हळकुंड न घेता हात थोडा आत घालून मधलं काढायचं. दोन्ही हातांनी मोडायचं. नीट वाळलेलं असेल तर कट् असा आवाज होऊन तुकडा पडतो. वाकलं तर ओल राहिलेली आहे, चार महिन्यांत बुरशी धरेल. मोडल्यावर आतला रंग बघायचा. तो गर्द, केशरीकडे झुकणारा हवा. बाहेरून झगझगीत पिवळं आणि आतून फिकट असेल तर ते हळकुंड परत पोत्यात टाकायचं. बारीक भोकं दिसली, हातात हलकं लागलं, तर आत किडा फिरून गेलेला असतो. शेवटी तुकडा नाकाशी धरायचा. ताज्या हळदीला जरा तिखट, मातीचा वास येतो. तो एकदा ओळखीचा झाला की फसवणं अवघड.

ज्यांना पूडच घ्यावी लागते त्यांनी घरी एवढं करावं. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वरून चमचाभर पूड सोडा आणि अजिबात ढवळू नका. चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळी छटा देते. वरपासून खालपर्यंत गडद पिवळे ओघळ उतरले तर रंग मिसळलेला असण्याची दाट शक्यता.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा. दाणा टपोरा, मोत्यासारखा आणि एकसारखा हवा. दोन दाणे दाताखाली फोडायचे. कडक फुटून पिठूळ गोडी लागली की भाकरी चांगली होणार. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर सोडू नका. आमच्या वाड्यातली चार घरं मिळून उन्हाळ्यात जतकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती आणतात. भाडं वाटून जातं, दरही बरा मिळतो. ही रीत काही आमची नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करून वाटत आली आहे. तुमच्या सोसायटीत व्हॉट्सॲपचा गट असेलच. त्यावर सुप्रभात पाठवण्याऐवजी एकदा "गहू कुणाकुणाला किती हवा?" एवढं विचारून बघा.

तूरडाळ बोटांत घासून बघते. तेलकट चकाकी असलेली, पॉलिश केलेली डाळ मी घेत नाही. किंचित धुरकट, एखाददुसरं साल अंगावर राहिलेली डाळ वरणाला चवदार लागते. शेंगदाणा चावल्याशिवाय घ्यायचाच नाही, कारण पावसाळ्यात तो फार लवकर खवट होतो आणि पाकिटावरून ते कळत नाही. गूळ लख्ख पिवळा असला की लोक खूश होतात, पण तो रंग बहुतेक वेळा रस साफ करताना घातलेल्या पावडरीचा असतो. तांबूस-तपकिरी ढेप मागा. भाजीचं सगळ्यांना माहीतच आहे: भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांगं आकाराच्या मानानं हलकं घ्यायचं, कांद्याची मान सुकलेली हवी. फोनवरच्या भेंडीच्या चित्रातलं टोक मोडता येत नाही.

दुकानदारही चुकतात, आणि ते आपण सांगितलं पाहिजे. रवा घरी आणल्यावर जाळी निघाली, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं. दोन्ही वेळा तसाच पुडा परत नेऊन गल्ल्यावर ठेवला आणि बदलून घेतला. भांडण नाही, लाजही नाही. वजन करताना काट्यावर आधी शून्य दिसतंय का ते बघायचं, आणि मिठाई घेताना खोक्याचं वजन वगळायला सांगायचं. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागितला, मग तो थंड करण्याचा आकार म्हणून असो की आणखी कशाचा, तर तो कायद्यात बसत नाही. बिल मागायची सवय ठेवा.

खात्याची वही

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी काउंटरच्या आत होते. सकाळी आठपासून रांग लागायची. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि माझ्या स्वतःच्या पाकिटात भाजीपुरते सुटे नसायचे. त्या महिन्यात आमच्या वाण्यानं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पैशाचा शब्दही काढला नाही. "वहिनी, लिहून ठेवतो, जमेल तेव्हा द्या," एवढंच. लाल कापडी बांधणीच्या वहीत आमच्या नावाचं पान होतं. त्यावर तारखा आणि वस्तू ओळीनं उतरत गेल्या. जानेवारीत मी सगळं चुकतं केलं.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, सगळं पाण्यात. वीज गेली, मागोमाग मोबाइलचे टॉवर गेले. फोन म्हणजे नुसती काच. ज्यांचे पैसे खात्यात होते पण घरात नोट नव्हती, त्यांना दुधाची पिशवी घेणंही मुश्कील झालं. अण्णांच्या दुकानात गळ्याइतकं पाणी होतं. त्यांनी वरच्या मजल्यावर हलवलेला माल, तांदूळ, काडेपेट्या, मेणबत्त्या, बिस्किटं, पाणी उतरू लागल्यावर पहिल्या दिवसापासून वाटला. ओळखीच्या घरी लहान मूल आहे की म्हातारं माणूस, हे त्यांना विचारावं लागलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हाही फोनवर यादी सांगितली की त्यांचा मुलगा पिशवी पायरीवर ठेवून जायचा.

अशी माणसं अडचणीच्या दिवशी कुठून तरी उगवत नाहीत. वर्षभर आपण त्यांच्याकडून तेल-मीठ घेतलेलं असतं, म्हणून त्यांचं दुकान टिकलेलं असतं आणि आपलं तोंड त्यांच्या ओळखीचं असतं. एरवी सगळा किराणा फोनवरून मागवायचा आणि टॉवर पडला की अण्णांकडे धावायचं, हे मला बरं वाटत नाही. म्हणून ऑनलाइन चार रुपयांनी स्वस्त दिसलं तरी महिन्याचा किमान निम्मा किराणा एकाच ठरलेल्या दुकानातून घ्या. पुण्यात असाल तर आपल्या गल्लीतलं एक दुकान निवडा, तिथं नाव सांगा, आणि पैसे वेळेवर चुकते करा. उधारी मागण्याआधी चार-सहा महिने रोखीनं व्यवहार झालेला असला की वहीतलं पान आपोआप उघडतं.

फोनवरून मागवताना

जुन्या मिक्सरचं भांडं, अमेरिकेतल्या भाचीसाठी वाढदिवसाची भेट, गावात न मिळणारी पुस्तकं, साखर तपासायच्या पट्ट्या: हे मी ऑनलाइन घेते आणि सोय होते हे मनापासून मान्य करते. फक्त काही गोष्टी सांभाळते.

मोठ्या अक्षरातलं नाव ॲपचं असतं. विकणारा दुसराच कुणी असतो आणि त्याचं नाव खाली बारीक अक्षरात असतं. ते उघडून वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याची माहिती आणि वस्तू कोणत्या देशात बनली ते दाखवणं बंधनकारक आहे. खाण्याची वस्तू असेल तर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक बघा.

किमतीऐवजी किलोमागचा दर बघा. ४०० ग्रॅमचा पुडा ६८ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचा ८० रुपयांना असेल, तर डोळा आधी ६८ वर जातो. पण पहिला किलोला १७० पडतो आणि दुसरा १६०. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर आता छापलेला असतो, तो शोधायची सवय लावून घ्या. काही मिनिटांत पोचवणाऱ्या ॲपवर पोचवण्याचा, हाताळणीचा, पावसाचा आकार शेवटच्या पानावर जोडला जातो. त्या पानाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही.

"फक्त २ शिल्लक", "३ मिनिटांत संपणार", न मागता टोपलीत आलेला विमा किंवा दहा रुपयांची देणगी, बंद करायचं बटण सापडू नये अशी सदस्यता. या युक्त्यांवर सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा तेरा प्रकारांना त्यात अनुचित ठरवलं आहे. मी एक साधा नियम पाळते: रात्री टोपली भरायची, पैसे सकाळी चहा झाल्यावर भरायचे. सकाळपर्यंत त्यातल्या दोन-तीन वस्तू हमखास नकोशा होतात.

पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, चारही बाजू आणि पत्ता दिसेल असा. मला याचा अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी मागवलेल्या मिक्सरच्या भांड्यात पातंच नव्हतं. तक्रारीच्या खिडकीत यंत्रच उत्तरं देत होतं, तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा. परत न्यायला माणूस येणार म्हणून मी दोन दिवस घर सोडलं नाही, आणि कुणी आलंच नाही. अकराव्या दिवशी मी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ऑर्डर क्रमांक, तारीख, व्हिडिओ आणि एक ओळ: नियमानुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. आठवड्यात पैसे परत आले. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर द्यावाच लागतो, तळाशी शोधा. तेवढ्यानं भागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. विकणारा बंगळुरूला बसलेला असला तरी आपल्याला तिकडे जावं लागत नाही.

पैसे देताना

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि माझ्या काउंटरवरची रांग निम्मी झाली. मला त्याचं कौतुक आहे. पण रोखपालाच्या खुर्चीत बसून मी रडणारी माणसंही पाहिली आहेत, म्हणून हे वाक्य फ्रिजवर चिकटवा: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. क्यूआर कोड टिपल्यावर पडद्यावर येणारं नाव मोठ्यानं वाचून दुकानदाराला विचारायचं, मगच रक्कम घालायची. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि लगेच बँकेला कळवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

इंटरनेट नसताना *९९# लावून पैसे पाठवता येतात. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून हे एकदा घरी बसून करून बघा, अडचणीच्या वेळी पहिल्यांदा शिकायला जाऊ नका. मात्र टॉवरच पडला असेल तर तेही चालत नाही. त्यासाठी डबा.

माझ्या डब्यात ३००० रुपये कायम असतात: ५०० च्या दोन, १०० च्या दहा, ५० च्या दहा, २० च्या पंधरा, १० च्या वीस. सुट्या नोटा मुद्दाम जास्त, कारण अडचणीच्या दिवशी पाचशेची मोड कुणाकडेच नसते. नोटा प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि डबा माळ्यावर. २०१९ च्या पुरानंतर लोक काउंटरवर ओल्या गड्ड्या घेऊन यायचे, चिखलाचा वास मारणाऱ्या, एकमेकींना चिकटून वीट झालेल्या. कुणी घाईनं सोलायला जाऊन अर्ध्या फाडलेल्या. कुणी इस्त्री फिरवून रंग उडवलेला. नोटा भिजल्याच तर सोलू नका. कापडावर ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळू द्या, कडा सुटल्या की एकेक उचला. मळक्या-फाटक्या नोटा बँकेच्या शाखेत नियमानुसार बदलून मिळतात.

डब्यासोबत एक छोटी वही: डॉक्टर, गॅस एजन्सी, वीज तक्रार केंद्र, वाणी, दूधवाला, जवळचे चार नातेवाईक. त्यातले तीन नंबर तोंडपाठ करा. माझ्या मुलाला त्याच्या बायकोचा नंबर पाठ नव्हता. फोन हरवला त्या दिवशी तो दुसऱ्याचा फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला होता.

मुलांना दुकानात पाठवा

हे सगळं मोठ्यांनी करून भागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात येते, दहा वर्षांची. तिला पैसे म्हणजे आईच्या फोनचा टिंग आवाज, एवढंच माहीत होतं. यंदा मी तिच्या हातात दोनशेची नोट आणि चिठ्ठी दिली: अर्धा किलो पोहे, पाव किलो शेंगदाणे, एक किलो गूळ. फोन नाही. अण्णांना आधी सांगून ठेवलं होतं की घाई करू नका, तिला मोजू द्या.

जाण्याआधी तिला रोखपालाची उरलेले पैसे मोजायची रीत शिकवली. वजाबाकी करायची नाही. झालेल्या रकमेपासून वर चढत जायचं, दिलेल्या नोटेपर्यंत. हे एकदा हातात बसलं की आयुष्यात कुणी सुट्ट्यात फसवत नाही.

ती पंधरा मिनिटांनी आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्यासमोर एकेक नोट मांडायला लागली. "आजी, पोहे तीस, दाणे पस्तीस, गूळ साठ. एकशे पंचवीस झाले. हे पाच, एकशे तीस. हे वीस, दीडशे. हे पन्नास, दोनशे." मग खिशातून मुठीत धरलेले चार शेंगदाणे काढले. "अण्णाआजोबांनी आधी चावून बघायला सांगितले. एक खवट होता, तर त्यांनी दुसऱ्या पोत्यातले दिले."